एका श्वासात अठरा पायऱ्या

आबांच्या ताटात परत आलं ते असं: भात, एकशे चाळीस ग्रॅम, उकडलेला बटाटा, एक अख्खा आणि एक अर्धा, मटार, एकोणीस, अंड्याचा बलक शाबूत, पांढरं अर्धं, पावाचे दोन तुकडे, एकावर दातांची खूण, दुधाचा पेला, काठापासून दोन बोटं खाली. चमचा कोरडा होता.

मोजपट्टीने हे सगळं वहीत उतरवलं. दुकानातला ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा तिने स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवला, त्याला आज अकरा दिवस झाले होते. लहानपणी ती मांजराची शेपटीसुद्धा मोजायची, म्हणून आबांनी नातीला 'मोजपट्टी' हे नाव दिलं. आता ती इस्पितळात लोकांच्या फुप्फुसातली हवा मोजण्याची नोकरी करत होती, तरी नाव तेच राहिलं.

"मटारही मोजलेस?" माई म्हणाली. "आता मिठाचे खडे मोज."

"मीठ विरघळतं ना, माई."

माई हसली नाही. पंचावन्न वर्षं तिने आबांना रांधून घातलं होतं आणि गेल्या वर्षात त्यांना अठ्ठावन्न किलोंवरून एकोणपन्नासवर उतरताना पाहिलं होतं. नवरा वाळायला लागला की लोक बायकोकडे बघतात. म्हणून ती शिगोशीग वाढत होती. जसजसे आबा कमी झाले तसतसं ताट मोठं झालं.

"भूकच मेली त्यांची," ती म्हणाली.

"मेली नाही. तू एक कर. हा पाव खा, पण एक नाकपुडी दाबून आणि दुसरी अर्धी. तोंड मिटून चावायचं. घाई नाही."

"काय गं हा पोरखेळ?"

पण माईने केलं. पहिला घास गेला. दुसऱ्या घासाला तिचे डोळे मोठे झाले. तिसरा तिने तोंडाजवळ नेला, थांबली आणि परत ताटात ठेवला. तो तुकडा परत आलेल्या दोन तुकड्यांशेजारी पडला होता आणि त्यावरही दातांची खूण होती.

"घास तोंडात असताना श्वास अडतो," मोजपट्टी म्हणाली. "आणि पोट गच्च भरलं की ते खालून छातीला वर दाबतं. ते जेवायला भितात, माई. तू वाढतेस त्या ताटाचीच भीती वाटते त्यांना."

"मग बोलायला काय झालं होतं?"

माई ओल्या हातांनी ओट्याला टेकून उभी राहिली. थोड्या वेळाने तिने मोठं ताट उचललं, फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर उलटं ठेवलं आणि चहाच्या बशा खाली काढल्या.

"बशीत मावेल एवढंच," ती म्हणाली. "किती वेळा द्यायचं?"

"सहा वेळा. आणि त्यात लोणी, अंडी, दाण्याचा कूट. आकाराने लहान, पण जड."

"दुकानातल्या वजनासारखं," माई म्हणाली.

*

मधल्या खोलीत भाऊ फुटपट्टी घेऊन बसला होता. दुकानाच्या मागची जागा त्याने सकाळीच मोजली होती: गल्ला दोन फूट पुढे घेतला तर सव्वासहा फुटी खाट आरामात बसत होती. भाऊ म्हणजे आबांचा मुलगा, मोजपट्टीचा बाप. खालचं काट्यांचं दुकान आता तोच बघायचा. घर तीन मजल्यांचं. तळाला दुकान, चौदा पायऱ्या चढून राहती जागा, आणि तिथून अठरा पायऱ्या चढून जोडखोली. तिथे तीन पिढ्यांनी तराजू जोडले, घासले आणि तोलले होते.

भाऊचा ठराव साधा होता. आबांची खाट दुकानामागे यायची, जोडखोलीला कुलूप लागायचं. आबा यापुढे जिना चढणार नव्हते.

भाऊची थोरली बहीण अक्का सकाळच्या गाडीने येताना घडीची चाकाची खुर्ची घेऊन आली होती. मोजपट्टीची आई कामाच्या गावी होती; तिचं मत फोनवर आधीच येऊन पडलं होतं: आधी मोजा, मग बोला.

"माझ्याकडे पाठवा त्यांना," अक्का म्हणाली. "एकही पायरी नाही. अंगण आहे. ही खुर्ची थेट दारात."

"अंगणात काय करतील? कोंबड्या राखतील?"

"तुझ्या गल्ल्यामागे काय करणार आहेत? सुटे देणार आहेत?"

आबा खिडकीशी खुर्चीत बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून ऐकत होते. त्यांना तीन शब्दांनंतर थांबावं लागायचं, आणि त्या थांबण्यात घरातलं कोणीतरी वाक्य पुरं करून टाकायचं.

"मला असं वाटतं," आबा म्हणाले, "की आता—"

"खालीच बरं," भाऊ म्हणाला.

"माझ्याकडे यावं," अक्का म्हणाली.

"—चहा ठेवा कोणीतरी."

माई आतून हसली. भाऊला मात्र हसू आलं नाही. तो बारा वर्षांचा असताना आबांच्या वडिलांचं जेवण त्याच जिन्याने तोच वर न्यायचा. म्हातारा शेवटच्या वर्षी जोडखोलीतून खाली उतरलाच नाही. एका दुपारी भाऊ डबा घेऊन गेला तेव्हा म्हातारा बाकावर कपाळ टेकून बसला होता, हातात कानस. भाऊने डबा शेजारी ठेवला आणि हाका मारल्या. किती मारल्या ते त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्या जिन्याकडे आबांनी बघितलं तरी भाऊ मधे येऊन उभा राहायचा. तो प्रेमाने बोलत होता आणि ते भांडणासारखं ऐकू येत होतं, हेही त्याला कळत होतं.

"डॉक्टरांनी काय सांगितलं?" तो मोजपट्टीला म्हणाला. "तूच वाचून दाखवलास ना कागद. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडायला हवी, त्याच्या अडतीस टक्के. अडतीस! शंभरात अडतीस दाखवणारा काटा आपण गिऱ्हाईकाला देऊ का?"

"तो फुप्फुसाचा आकडा आहे, भाऊ. माणसाचा नाही. माझ्याकडे अडतीसचे दोघे येतात. एक बाजार करून येतो. दुसरा मोरीपर्यंत जायला मुलाला हाक मारतो. दोघांचं फुप्फुस सारखंच. पाय सारखे नाहीत."

"म्हणजे?"

"दुसरा वर्षभर खुर्चीत बसला. घरच्यांनी बसवला, प्रेमाने. मांड्या गेल्या. मांड्या गेल्या की चार पावलांना जास्त हवा लागते, धाप लागते, म्हणून आणखी बसायचं. त्यात जेवण निम्मं. शरीर मग स्वतःचेच स्नायू मोडून खातं." तिने आबांकडे पाहिलं. "आबांची मांडी मी मोजलीय. मार्चपासून चार सेंटिमीटर गेली."

"मार्चपासून आपण त्यांना पाणीसुद्धा हातात देतो," माई दारातून म्हणाली.

अक्का घडीच्या खुर्चीकडे बघायचं टाळत होती.

"पण चढताना काय होतं ते?" भाऊने सोडलं नाही. "रक्तातला ऑक्सिजन पंच्याऐंशीच्या खाली जाऊ देऊ नका, हे डॉक्टरांचेच शब्द. आहे ना तुझं ते बोटाला लावायचं यंत्र? मोज. अठरा पायऱ्या. पंच्याऐंशीच्या खाली गेलं तर खाट आजच उतरते आणि यावर कोणी पुन्हा बोलायचं नाही. वर राहिलं तर मी कुलूप विकत आणणार नाही."

"आत्ताच जेवलेत ते," मोजपट्टी म्हणाली.

"जेवले? एकोणीस मटार टाकलेत म्हणे."

"मी चढतो," आबा म्हणाले. या वेळी वाक्य तेवढंच होतं.

*

अक्का जिन्याच्या तळाशी उभी राहिली. आबांच्या बोटाला चिमटा लावला होता आणि त्यावर लाल आकडा: ब्याण्णव. आबांनी कठड्याला हात लावला, खांदे वर घेतले आणि निघाले. एक, दोन, तीन, चार. पाठ अगदी ताठ. अक्काला आठवलं, लहानपणी ती आणि भाऊ या जिन्यावर शर्यत लावायचे, आणि जो मधे श्वास घेईल तो बाद.

सातव्या पायरीवर आबा थांबले. मोठ्याने हवा ओढली. पुन्हा निघाले. अकराव्या पायरीवर कठडा दोन्ही हातांनी धरला. ओठांचा रंग बदलला होता.

"पुरे!" अक्का ओरडली. "मारशील का त्यांना?"

"अठ्ठ्याऐंशी," मोजपट्टी आकडा वाचत होती. "शहाऐंशी. चौऱ्याऐंशी. ब्याऐंशी. आबा, बसा. तिथेच बसा."

ते बसले. आकडा परत नव्वदीला यायला तीन मिनिटं लागली. ती तीन मिनिटं कोणीही हललं नाही. भाऊचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. त्याने फुटपट्टी खिशात घातली आणि खाट उतरवायला कोणाला बोलवावं ते ठरवू लागला.

अक्काने भाचीकडे पाहिलं. पोरगी रडेल असं तिला वाटलं होतं. मोजपट्टी आबांकडे बघतच नव्हती. ती एकेकाकडे बघत होती: भाऊकडे, माईकडे, अक्काकडे.

"आत्या," ती म्हणाली, "श्वास घे."

"काय?"

"तू धरून ठेवलायस. भाऊनेही. माई, तूसुद्धा. मी आकडा वाचत होते तेव्हा या घरात एकही माणूस श्वास घेत नव्हता."

अक्काने श्वास सोडला. खरंच धरला होता.

कारण सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच ते आजवर कोणाला दिसलं नव्हतं. नाजूक तराजूच्या पारड्यावर श्वास पडला तरी काटा हलतो. म्हणून जोडखोलीच्या खिडक्या कधी उघडल्या जात नसत. काट्याचं वाचन घेताना श्वास रोखायचा, आणि तराजू हातात घेऊन जिना चढताना छाती हलू द्यायची नाही: एका श्वासात अठरा पायऱ्या. आबांच्या वडिलांनी हे आबांना शिकवलं, आबांनी मुलांना. मिटल्या खिडक्यांआड पितळेचा कीस उडायचा आणि श्वासाबरोबर छातीत जायचा. घरातली बाई दुधाचं भांडं नेतानासुद्धा तशीच चढायची.

"आबांच्या हातात आज काही नव्हतं," मोजपट्टी म्हणाली. "तरी ते तराजू घेऊनच चढले. पहिल्या सहा पायऱ्या श्वास बंद. भरल्या पोटावर. मी हे अकरा दिवस बघतेय आणि मला आज कळलं, कारण मीही तशीच चढते."

"आकडा तो आकडा," भाऊ म्हणाला. पण आवाज खाली आला होता.

"ए," माई पुढे आली. मुलाशी बोलताना ती क्वचितच असा सूर लावायची. "हात थरथरत असताना घेतलेलं वाचन तू आजवर कधी वहीत लिहिलंस? तुझ्या आजोबांनी कानाखाली दिली असती. खोडायचं, थांबायचं आणि पुन्हा ठेवायचं. गिऱ्हाईकाच्या काट्याला जो न्याय, तो बापाला नाही का?"

भाऊने अक्काकडे पाहिलं. सकाळपासून तेवढ्या एका मुद्द्यावर ती त्याच्या बाजूची होती: जिना बंद.

"पुन्हा ठेव," अक्का म्हणाली. "माझी खुर्ची कुठे पळत नाही."

*

आबा आडवे झाले, उशीवर उशी घेऊन. भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज येत होता आणि कुजबुज. आजारी माणसाच्या घरात लोक हळू बोलतात, आणि हळू बोललेलं जास्त ऐकू येतं.

वर बाकावर औषधवाल्याचा जुना तराजू उघडा पडला होता. डावं पारडं दोन मिलिग्रॅम ओढत होतं. आता त्यावर कोणी काही तोलत नाही. औषधवाल्याला तो काचेच्या कपाटात शोभेला ठेवायचा होता. "नुसता पुसून द्या," असं तो म्हणाला होता. पण दोन मिलिग्रॅम म्हणजे दोन मिलिग्रॅम. आबांनी दांडीचं टोक कानशीने किती घ्यायचं ते मनात नक्की केलं होतं. अर्ध्या दिवसाचं काम. त्यांच्या आताच्या हिशेबाने चार दिवसांचं.

दुकानामागे खाट टाकली तर काय होईल ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. गिऱ्हाईक आत डोकावेल, आवाज उतरवेल, विचारेल, "कसं आहे आता?" भाऊ म्हणेल, "आहे तसंच." दिवसातून दहा वेळा. वर त्यांना कोणी असं विचारत नव्हतं. वर त्यांना फक्त तराजू विचारायचे.

माई आत आली. हातात बशी. त्यात अर्धं अंडं, लोणी लावलेल्या पावाचा चतकोर आणि केळ्याचे चार काप.

"एवढंच?" आबा म्हणाले.

"एवढंच. आणि पुढचं दोन तासांनी. एक घास, मग चार श्वास, मग दुसरा. तुमच्या नातीचा हुकूम आहे." ती खाटेच्या कडेला बसली. "मी आज नाक दाबून जेवून पाहिलं."

आबांनी तिच्याकडे पाहिलं.

"सांगायचं होतंत ना हो."

"तू इतकं मनापासून," आबा म्हणाले, थांबले. माईने वाक्य पुरं केलं नाही. ती थांबली. पहिल्यांदाच कोणीतरी थांबलं. "—वाढत होतीस."

बशी रिकामी झाली. माईने ती मोजपट्टीला दाखवायला नेली तेव्हा काट्यावर फक्त बशीचं वजन आलं.

मग मोजपट्टी आली आणि तिने खोटं काही सांगितलं नाही. "फुप्फुस परत येणार नाही, आबा. तो अडतीसचा आकडा वाढेल असं मी म्हणणार नाही. पायात जोर येईल, अंगावर थोडं येईल, आठ-दहा आठवडे लागतील. रोज चालायचं. आज फक्त चढण्याची पद्धत बदलायची."

"सत्तर वर्षांची सवय," आबा म्हणाले. "एका दुपारीत?"

"पाय उचलताना ओठ चंबूसारखे करून श्वास सोडायचा. गरम चहावर फुंकर घालतात तशी. पायरीवर दोन्ही पाय आले की थांबायचं, नाकाने घ्यायचा. मग पुढची."

"पारड्यावर फुंकर घातली," आबा म्हणाले, "तर वडील पट्टीने मारायचे."

"मग समजा की पारडं जमिनीवर ठेवलंय."

आबांनी फुंकर मारून पाहिली. पहिल्यांदा खोकला आला. दुसऱ्यांदा खोकल्याबरोबर हसूही आलं, आणि मोजपट्टीला थांबावं लागलं. मग दोघं खाटेच्या कडेला बसून रिकाम्या हवेत फुंकत राहिले. खोलीच्या दारात उभ्या असलेल्या अक्काला ते दोघं न पेटलेल्या चुलीसमोर बसल्यासारखे दिसले.

*

पाच वाजता सगळे जिन्याशी जमले. भाऊने दुकानातलं टिपणपुस्तक आणलं होतं. त्यात काट्यांची वाचनं लिहिली जात. त्याने दुपारचं वाचन लिहिलं होतं आणि त्यावर एक रेघ ओढली होती. खाट उतरवणाऱ्या माणसाला त्याने अजून फोन केला नव्हता.

"घाई नाही, आबा," तो म्हणाला. नंतर स्वतःलाच नवल वाटल्यासारखं, "घाई कसलीय."

"तू वरती उभा राहू नकोस तसा," माई म्हणाली. "पोलीस वाटतोस."

भाऊ खाली उतरून आबांच्या मागे येऊन उभा राहिला.

आबांनी बोट पुढे केलं. चिमट्यावर ब्याण्णव. ते कठड्याला हात लावून उभे राहिले आणि सवयीने खांदे वर गेले. मोजपट्टीने त्यांच्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. खांदे खाली आले.

फू. एक पायरी. दोन्ही पाय. नाकाने आत.

फू. दुसरी.

चवथ्या पायरीवर पाठ पुन्हा ताठ झाली, ओठ मिटले. "फुंका," मोजपट्टी म्हणाली. काही झालं नाही. मग मागून भाऊने फुंकर घातली, मोठ्याने, बेढब. अक्का दचकली. आबांनी मान वळवली नाही, पण त्यांचे ओठ उघडले आणि श्वास बाहेर पडला.

त्यानंतर चौघं मागे आणि एक पुढे. प्रत्येक पायरीला सगळेच फुंकत होते. माईची फुंकर शिट्टीसारखी येत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. सातवी गेली. अकरावीला आबांनी कठडा घट्ट धरला, भाऊचा पाय आपोआप पुढे आला, आणि अक्काने त्याचा सदरा मागून धरून ठेवला.

"अठ्ठ्याऐंशी," मोजपट्टी म्हणाली.

बारावी. तेरावी. आबांच्या मांड्या सदऱ्याखालून थरथरताना दिसत होत्या. चौदावीवर ते बराच वेळ उभे राहिले, पण दोन्ही पाय पायरीवर होते आणि श्वास चालू होता, म्हणून मोजपट्टीने तो थांबा धरला नाही.

"सत्त्याऐंशी."

"मला वाटतं," आबा म्हणाले. कोणीच मधे बोललं नाही. "—तुम्ही फार आवाज करताय."

पंधरावी, सोळावी, सतरावी. अठराव्या पायरीवर आबांनी जोडखोलीच्या चौकटीला हात टेकला आणि तिथेच उभे राहिले, डोकं खाली, ओठांचा चंबू तसाच. मोजपट्टीने यंत्रात साठलेले सगळे आकडे मागे जाऊन पुन्हा पाहिले. मग घड्याळ पाहिलं.

"लिहू?" भाऊने विचारलं.

"लिहा."

भाऊने टिपणपुस्तक भिंतीला टेकवलं आणि रेघ ओढलेल्या ओळीखाली लिहिलं: पायऱ्या अठरा. वेळ चार मिनिटं बारा सेकंद. थांबे शून्य. सर्वांत कमी आकडा शहाऐंशी.